पंच क्रमांक दोन

अक्कलकोट रोड एमआयडीसी. सकाळचे सात,
तरी पत्रा तापायला लागलेला.
मुंबईच्या दोन गाड्या, मॅडम, चार साहेब, एक प्रिंटर.
म्हणाल्या, दोन माणसं हवीत, स्वतंत्र,
ज्यांचा ह्या जागेशी काही संबंध नाही.
कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला इरफान बागवान, पंच क्रमांक एक.
आणि मी, लक्ष्मीपती चिलवेरी,
शेजारच्या शेडमधला जॉबर, चहाला बाहेर आलेला.

संबंध तसा नाहीच.
मध्ये भिंत एक.
एकवीस वर्षं माग दुरुस्त करतोय,
झोपेतसुद्धा कळतं कुठला धोटा अडकतोय.
भिंतीपलीकडे तीन दिवाळ्या एकही माग बोलला नव्हता,
पण रात्री ट्रक निघायचे, ताडपत्री घट्ट आवळून,
आणि टायर दबलेले नसायचे.
हे मला कोणी विचारलं नाही.
पंचानं समोरचं पाहायचं असतं,
भिंतीतून ऐकलेलं सांगायचं नसतं.

मॅडमनी बिलं वाचून दाखवली.
टॉवेल, टेरी, पांढरा, तीस बाय साठ,
दुबईला, एका वर्षात तीन लाख डझन.
मी मनात मांडून बघितलं :
चोवीस माग, दोन पाळ्या, खंडेनवमीलाही न थांबता,
सहा वर्षं लागली असती.
तिकडून पैसा आला तो मात्र खरा.
कुठे मळून आला कुणास ठाऊक,
आमच्या नसलेल्या टॉवेलला अंग पुसून
जुळे सोलापुरात उभा राहिला,
चार मजले, खाली बँक.

मग चौथं पान.
मे. भाग्यलता ओव्हरसीज.
संचालक : अंबुबाई राजय्या कोंडयाल,
राहणार विडी घरकुल, कुंभारी.
माझ्या गल्लीतली, तिसरं दार.
इरफान पेन धरून थांबला.
कानाशी म्हणाला, आधारची ही झेरॉक्स माझ्याच मशीनची.
बघ, डावीकडे काळी रेघ येते.
गड्ड्याच्या आधी शेठचा माणूस बायका घेऊन आला होता,
डोईला दोन हजार, योजना आहे म्हणून.
मी पानाला दोन रुपये घेतले.
मग त्यानं सही केली.
त्याच्याखाली मी.

दुपारी कागद सील करायचे, तर गुंडाळायला कापड हवं.
आख्ख्या कारखान्यात हातभर कापड निघेना.
पोराला नवी पेठेत पिटाळलं,
दोन मीटर मांजरपाट, पक्क्या पावतीसकट.
कोणी हसलं नाही.
लाख वितळल्याचा वास
रंगशाळेच्या जुन्या वासात मिसळला.

माग क्रमांक अकरावर तेवढा अर्धा टॉवेल होता.
विणता विणता कोणीतरी उठून गेलेलं,
धुळीनं करडा झालेला.
मी अंगठा फिरवला.
काठ सरळ, वीण घट्ट,
हात कोणाचा ते ओळखलं. सांगितलं नाही.
साहेब म्हणाले, ह्याची काय किंमत लावायची?
मी तोंड उघडायच्या आत त्यांनी लिहिलं : नगण्य.

सुटलो तेव्हा दिवे लागलेले.
अंबुबाई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
हजाराला अजून दोन कट्टे कमी.
हात न थांबवता म्हणाली,
तिकडं जप्ती झाली म्हणे. एवरिदि? कोणाची?
तात्पुरती आहे, मी म्हटलं. एकशे ऐंशी दिवस.
तिनं दोरा दातानं तोडला
आणि बरं म्हणाली,
दुसऱ्याच्या घरचं दुखणं ऐकून म्हणतात
तसं.